संगणककौशल्य आणि ज्ञानाची देवाणघेवाण : भूम तालुक्याच्या महसुली दप्तरासंदर्भात

कर्मचाऱ्यांना संगणकीय कौशल्ये अवगत झाली की त्यांच्यातील ज्ञानाची देवाणघेवाण आपोआप वाढते, हे विधान व्यवस्थापनशास्त्रातील अलीकडच्या लेखनात इतक्या वेळा येते की ते सिद्धच झाले आहे असे वाटावे. विधान करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा कारखाने, बँका आणि सॉफ्टवेअर-कंपन्या असतात. भूमसारख्या तालुक्यातील तलाठ्याच्या दप्तरावर ते पारखून पाहिले, तर ते सर्वस्वी असत्य ठरत नाही. परंतु त्यातील ‘ज्ञान’ आणि ‘आपोआप’ हे दोन शब्द मात्र टिकत नाहीत.

भूम परिसर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या स्थित्यंतरांचा ठसा येथील जमिनीच्या अभिलेखांवर उमटलेला आहे. जुने कागद कोठे उर्दूत, कोठे मोडीत, कालगणना फसली. फसली १३५८ म्हणजे इ. स. १९४८-४९, हे ज्याला ठाऊक नाही त्याला कागद हाती असूनही तो कोणत्या काळातील हे कळणार नाही. त्यात इनामांची गुंतागुंत आहे. व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेले मदतमाश आणि देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेले खिदमतमाश यांतील भेद केवळ नावाचा नव्हे. इनामे नष्ट करणारा हैदराबादचा १९५४ चा कायदा धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या इनामांना सामान्यतः लागू होत नाही. सातबाऱ्यावरील ‘भोगवटादार वर्ग २’ ही नोंद हस्तांतरणावर निर्बंध आहे एवढेच सांगते. तो निर्बंध कोणत्या मुळातून आला, हे सेतवार, खासरा पत्रक आणि जुने फेरफार एकत्र वाचणाऱ्यालाच उमगते. असे वाचन कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकविले जात नाही. ते वडीलधाऱ्या तलाठ्याच्या शेजारी बसून येते.

ई-फेरफार प्रणालीने, आणि २०१८ पासून मिळू लागलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याने, नोंद सर्वांच्या दृष्टीस आणली हे निःसंशय. पूर्वी दप्तर ज्याच्या कपाटात, ज्ञानही त्याचेच असा प्रकार होता. ती मक्तेदारी मोडली, हा लाभ लहान नाही. तथापि जे सर्वत्र पोहोचले ती माहिती होय. उर्दूतील पत्रकाचे स्कॅन केलेले चित्र तालुक्यातील प्रत्येक तलाठ्याला उघडता आले, तरी ते वाचता येणाऱ्यांची संख्या त्यामुळे एकाने वाढत नाही.

मायकेल पोलान्यी यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात शब्दांत पूर्णपणे न उतरणाऱ्या ज्ञानाचे जे विवेचन केले, त्याचा आधार नोनाका व ताकेउची यांनी १९९५ मध्ये घेतला. संगणकाचे समर्थक या दुसऱ्या ग्रंथाचा दाखला वारंवार देतात. मात्र त्यातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ते बहुधा घाईने ओलांडतात. पाव भाजण्याचे घरगुती यंत्र तयार करताना मात्सुशिता कंपनीतील एक महिला तंत्रज्ञ ओसाकातील एका हॉटेलच्या पावभट्टीवाल्याकडे शिकाऊ म्हणून राहिली, तेव्हा कोठे पीठ कसे ताणावे हे कंपनीला कळले. तेथे सहवास आधी झाला, नोंद नंतर. भूमच्या खव्याच्या भट्टीवरही कढईतले दूध केव्हा उतरवावे हे याच रीतीने शिकले जाते. मग दप्तराचे ज्ञान तेवढे पडद्यावरून वाहील, असे मानण्यास आधार कोणता?

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. २०१७ च्या चावडीवाचनाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. संगणकीकृत सातबारा गावापुढे वाचून दाखवायचा आणि चुका टिपायच्या, अशी ती मोहीम होती. टंकलेखनात गळालेले नाव, चुकलेले क्षेत्र हे ज्यांना तोंडपाठ होते ते गावकरी आणि प्रणाली ज्याच्या हाती होती तो तलाठी, या दोघांना एकमेकांवाचून काम करणे अशक्य झाले. देवाणघेवाण घडली ती या परस्पर गरजेतून.

कार्यालयात हीच गरज कौशल्यांच्या विषम वाटणीने निर्माण होते. नवा तलाठी प्रणाली चालवितो, पण कागद वाचू शकत नाही. जुन्याची स्थिती नेमकी उलट. दोघांपाशीही देण्याजोगे काही आहे, म्हणून मागताना कोणासही कमीपणा वाटत नाही. व्हॉट्सॲपच्या समूहात मात्र हा समतोल राहत नाही. ज्या समूहात वरिष्ठ अधिकारी आहेत तेथे आपले अज्ञान कोण कबूल करील? विचारलेच, तर मिळालेले उत्तर दुसऱ्या दिवशी सूचना आणि शुभेच्छा यांच्या राशीखाली गाडले जाते. (शुभेच्छांचे प्रमाण सणावारी किती वाढते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.)

उपरोक्त लेखनाची खरी उणीव हीच की त्यात कौशल्याची पातळी मोजली जाते. कोणाला कोणाची गरज पडते हे मोजले जात नाही. सर्व तलाठी संगणकात सारखेच निष्णात झाले, तर जुन्या माणसाकडे जाण्याचे निमित्तच कमी होईल, ही शक्यता त्या लेखनाच्या हिशेबात नाही. इकडे जुने कागद वाचणारी पिढी निवृत्त होत आहे. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले. परंतु पदभार सोपविताना जी यादी केली जाते तीत नोंदवह्या, नकाशे व शिक्के मोजून घेतात. कोणत्या सर्वे नंबराचा निर्बंध कोणत्या इनामातून आला, हे सांगण्यासाठी त्या यादीत रकाना नाही, आणि नव्या-जुन्यांना काही महिने एका दप्तरावर एकत्र बसविण्याची तरतूदही नाही.