बारावीचें इंग्रजी : आरंभ कोठून?

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत शाळेच्या क्रमिक पुस्तकाचा विचार कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु वऱ्हाडांतील पुष्कळ घरांत इंग्रजी गद्यपद्याची जी काय ओळख होते ती क्रमिक पुस्तकांतूनच होते, आणि बहुतेकांची तेथेंच संपते. म्हणून पाठ्यपुस्तक मंडळानें २०२० सालीं बारावीसाठीं काढलेलें इंग्रजी 'युवकभारती' आम्ही, एखादा नवा ग्रंथ हातीं घ्यावा तसें, आरंभापासून अखेरपर्यंत वाचलें.

निवड चांगली आहे, हें प्रथमच सांगतों. आर. के. नारायण यांचा ज्योतिषी, गार्डिनरचा सौजन्यावरील निबंध, सरोजिनी नायडूंचे विणकर, दिलीप चित्र्यांचा आगगाडीनें घरीं परतणारा थकलेला बाप, यांत मुलांना परकें वाटावें असें थोडेंच आहे. आमचा आक्षेप मांडणीवर आहे. पुस्तकाचे भाग चार : गद्य, पद्य, लेखनकौशल्य आणि कादंबरी. म्हणजे वाचन एका कप्प्यांत आणि लेखन दुसऱ्या. पुस्तक ज्या क्रमानें छापलें त्याच क्रमानें वर्गांत चालविलें, तर लेखनाची पाळी येईपर्यंत निम्मेंअधिक वर्ष सरतें, आणि तोंवर घरोघर गाइडें पोंचून तयार उत्तरें पाठ होऊं लागलेलीं असतात. बरें, त्या भागांत लिहावयाचें काय? सारांश, उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठीं हेतुनिवेदन, गटचर्चा. हीं निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण सारांशांत दुसऱ्याचें म्हणणें लिहावयाचें आणि हेतुनिवेदनांत उद्यांचें. आज मूल जेथें उभें आहे तेथलें त्यानें केव्हां लिहावें?

मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलें. पूर्वीं तें पांचवीपासून असे. तेव्हां आज बारावींत बसलेल्या मुलाची या भाषेशीं अकरा वर्षांची ओळख असते. अकोल्यांतील आमच्या एका शिक्षक स्नेह्यांनीं हीच ओळख पारखून पाहिली. वर्षाच्या पहिल्या तासास त्यांनीं पुस्तक उघडलेंच नाहीं. घरीं काल काय घडलें तें दहा ओळींत लिहा, एवढेंच सांगितलें. कित्येक कागद कोरे परत आले. एका मुलीनें मात्र लिहिलें कीं, आई कापूस 'सिलेक्ट' करते. शब्दकोशांत तिनें 'वेचणें' पाहिलें होतें आणि कोशानें आपलें काम चोख केलें होतें! वर्ग हंसला. स्नेही हंसले नाहींत. त्यांनीं 'पिक' हें साधें क्रियापद दिलें, आणि नंतर 'पऱ्हाटी' हा शब्द फळ्यावर लिहून त्याला इंग्रजींत काय म्हणावें, असें सर्वांना विचारलें. कापसाच्या मुलखांतील वर्ग, पण कापसाच्या झाडाला इंग्रजींत काय म्हणतात हें अकरा वर्षांत त्यांना कोणी विचारलें नव्हतें.

दुसऱ्या तासास त्यांनीं विणकरांची कविता वाचली. पहाटे नवजात मुलाचें वस्त्र, सायंकाळीं वधूची ओढणी आणि रात्रीं प्रेतवस्त्र विणणारे ते विणकर कापूस वेचणाऱ्या बाईच्या मुलीला कळावयास टीपा लागल्या नाहींत. मग तीच दहा ओळींची गोष्ट पुन्हा लिहावयास दिली. आमच्या मतें आरंभ असा असावा. आधीं लिहिलें म्हणजे आपणांस कोणता शब्द अडतो तें कळतें, आणि अडलेल्या शब्दाच्या शोधांत जो वाचतो त्याचें वाचन निराळें असतें. अमरावतीहून मूर्तिजापुरावरून अकोल्यास जाणाऱ्या एस. टी.च्या कंडक्टरावर ज्यानें चार वाक्यें खरडलीं आहेत, त्याला गार्डिनरचा गोड स्वभावाचा बस-कंडक्टर शेजारचा वाटेल.

यांत नवें कांहीं नाहीं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वर्षानुवर्षें इंग्रजींत रोजनिशी लिहीत. कोण आलें, कोण गेलें, काय बोलणें झालें, असा तो साधा मजकूर. परंतु रोज लिहिल्यानें परकी भाषा हाताला कशी वळते याचें याहून चांगलें उदाहरण आपल्या प्रांतांत शोधूं गेल्यास सांपडणें कठीण. आणि मौज अशी कीं, या रीतीची साक्ष खुद्द या क्रमिक पुस्तकाच्या चवथ्या भागांतच आहे. ब्रेथवेटच्या 'टु सर, विथ लव्ह' या १९५९ सालच्या कादंबरीचा उतारा तेथें घेतला आहे. त्या कादंबरींतील लंडनच्या गरीब वस्तींतील शाळेंत दर शुक्रवारीं मुलें आठवड्याचा आढावा आपल्या शब्दांत लिहितात, आणि त्यांत शिक्षकांवरही टीका करण्याची त्यांना मोकळीक असते. संपादकांनीं हा नमुना मुलांपुढें कथा म्हणून ठेवला. तसा एखादा शुक्रवार आपल्या वर्गांस नेमून द्यावा, असें त्यांच्या मनांत आलें नसावें.

ऐशीं मुलांचे कागद तपासणार कोण, हा प्रश्न शिक्षक विचारतील, आणि तो रास्त आहे. आमच्या स्नेह्यांनीं सर्व चुका सुधारण्याचा हट्टच सोडला. रोज पांच कागद वर्गांत मोठ्यानें वाचावयाचे, प्रत्येकांतील एक वाक्य फळ्यावर घेऊन सर्वांनीं मिळून तें नीट करावयाचें, बाकीचें तसेंच राहूं द्यावयाचें. पालकांची तक्रार आली कीं, वहींत लाल शाई दिसत नाहीं. त्यांनीं त्या मुलीचे जूनमधील आणि दिवाळीनंतरचे असे दोन कागद पालकांपुढें ठेवले. दुसऱ्या कागदांत आई पहाटे उठते, कमरेस फडकें बांधते, आणि ऊन चढण्यापूर्वीं किती ओळी वेचून होतात तें मोजते. वाक्यें अजून लंगडीं होतीं. त्यांतील एकही कोणत्या गाइडांत नव्हतें.