पर्यावरणाचे राजकारण, अल्पवेतनी कामगार आणि पुराव्याचा भार

पर्यावरणरक्षणाचे राजकारण अल्पवेतनी कामगाराशी न्यायाने वागते काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा हेतूंच्या पातळीवर होते. दिल्लीच्या संदर्भात समाजशास्त्रज्ञ अमिता बाविस्कर यांनी मांडलेली 'बूर्झ्वा पर्यावरणवाद' ही संकल्पना या दृष्टीने प्रसिद्ध आहे. स्वच्छ हवा व हिरवळ यांविषयीची मध्यमवर्गाची आकांक्षा 'सार्वजनिक हित' या नावाने पुढे येते आणि तिच्यापायी श्रमिकांची वस्ती व रोजगार उखडले जातात, असे या मांडणीचे थोडक्यात सार सांगता येईल. तिच्यात तथ्य आहे, यात शंका नाही. परंतु ती अन्यायामागील वर्गीय वृत्ती दाखविते. तो अन्याय कोणत्या मार्गाने घडतो, हे तिच्यावरून पुरेसे उलगडत नाही. त्यासाठी निर्णयांची भाषाच तपासावयास हवी.

८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक व मोठ्या उद्योगांनी ३० नोव्हेंबर १९९६ पर्यंत शहरातील काम थांबवावे, असा आदेश दिला. या आदेशात कामगारांचा विसर पडला होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्थलांतर करणाऱ्या कारखान्यातील कामगारांची नोकरी अखंड मानावी, मधल्या काळाचे पूर्ण वेतन द्यावे, एक वर्षाचे वेतन स्थलांतरभत्ता म्हणून द्यावे, अशा तरतुदी त्यात होत्या. बंद पडणाऱ्या कारखान्यातील कामगारांनाही भरपाई ठरविण्यात आली आणि पुढे ती वाढविण्यात आली. केवळ वर्गीय बेपर्वाईने हा आदेश लिहिला गेला असता, तर या तरतुदींची आवश्यकताच उरली नसती.

मग न्याय निसटला कोठे? तो 'कामगार' या नामात निसटला नाही. त्या नामाला जोडलेल्या विशेषणात निसटला. भरपाईस पात्र ठरण्यासाठी कामगाराची किमान एक वर्षाची 'सलग सेवा' हवी होती. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या परिभाषेत याचा अर्थ, बारा महिन्यांत किमान २४० दिवसांचे काम. ही अट वरकरणी निरुपद्रवी दिसते. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावर कधी चढलेच नाही, जो ठेकेदाराकडून रोजंदारीवर आला, ज्याच्या हाती वेतनचिठ्ठी पडली नाही, त्याने वर्षानुवर्षे त्याच यंत्रापाशी काम केले असले तरी त्याची सेवा 'सलग' आहे हे सिद्ध कसे व्हावे? २४० दिवस काम केल्याचे शाबीत करण्याची जबाबदारी कामगारावरच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका वेगळ्या प्रकरणात स्पष्टच केले. ज्या कागदांनी हे सिद्ध होते ते मालकाच्या कपाटात आणि सिद्धतेचा भार मात्र मजुराच्या शिरावर, अशी ही विभागणी आहे.

या विभागणीतील विसंगती १९९६ च्याच दुसऱ्या एका निर्णयाशेजारी ती ठेवली म्हणजे ठळक होते. तमिळनाडूतील चर्मोद्योगांमुळे झालेल्या प्रदूषणासंबंधीच्या वेल्लोर प्रकरणात, २८ ऑगस्ट १९९६ रोजी, न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले. आपली कृती पर्यावरणास निरुपद्रवी आहे हे उद्योजकानेच सिद्ध केले पाहिजे, असे त्या तत्त्वानुसार ठरले. नदीला साक्ष देता येत नाही, म्हणून पुराव्याचा भार बदलण्यात आला. हे योग्यच झाले. परंतु ज्याच्या हाती कागद नाही असा मजूरही एका अर्थी मुकाच असतो. संशयाचा फायदा निसर्गाला मिळाला, मजुराला मिळाला नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, पुराव्याशिवाय पैसे वाटले तर खोट्या दावेदारांना ऊत येईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि दिल्लीतील बांधकाम मजुरांचे उदाहरण त्याला परस्पर उत्तर देते. हवा फार बिघडली म्हणजे राजधानी परिसरातील बांधकामे थांबविली जातात आणि त्या दिवसांची मजुरी बुडते. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अशा काळात बांधकाम उपकरातून मजुरांना निर्वाहभत्ता द्यावा, असे राज्यांना सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली शासनाने नव्वद हजारांहून थोड्या अधिक नोंदणीकृत मजुरांना आठ हजारांपैकी दोनच हजार रुपये दिले असल्याचे न्यायालयापुढे आले. तेव्हा, शहरात इतकेच बांधकाम मजूर आहेत काय, असा प्रश्न न्यायालयालाच विचारावा लागला.

या प्रश्नात सगळे मर्म आले. १९९६ च्या कायद्यांनी उभारलेल्या या व्यवस्थेत उपकराची आकारणी बांधकामाच्या खर्चावर होत असे. एकाही मजुराचे नाव ठाऊक नसताना पैसा जमा होई. लाभ मात्र ज्याची नोंदणी झाली त्यालाच, आणि नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा. म्हणजे मजुराच्या नावाने पैसा घेताना नाव लागत नव्हते. देताना लागत होते. 'सलग' या विशेषणाची जागा येथे 'नोंदणीकृत' या विशेषणाने घेतली, एवढाच काय तो फरक.

स्वच्छ हवा ही केवळ श्रीमंतांची हौस आहे, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल. धूळ सर्वांत आधी खडी फोडणाऱ्याच्याच छातीत जाते. शिवाय, उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मानले होते. प्रदूषणमुक्त हवेचा हक्कही संविधानाच्या त्याच एकविसाव्या अनुच्छेदातून काढला गेला आहे. दोन्ही हक्कांचे मूळ एक असता, एकाच्या बाबतीत संशय हा संरक्षणाचे कारण ठरावा आणि दुसऱ्याच्या बाबतीत नकाराचे, हे तर्काला धरून नाही. सार्वजनिक हितासाठी शासन जेव्हा स्वतःच काम थांबविते, तेव्हा त्या जागी काम करणारा मनुष्य मजूर नव्हता, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर व शासनावर असली पाहिजे. ती तशी नसेल, तोवर पर्यावरणाच्या राजकारणाने कामगाराचा उल्लेख कितीही आस्थेने केला, तरी तो उल्लेख वाक्यातच राहील. मजुराच्या घरापर्यंत पोहोचणार नाही.