वर्गणीचा कान

संगीताला आणि नाटकाला पूर्वी राजाश्रय होता. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले ते संस्थानिकांच्याच आश्रयाने; त्यांच्या नावाचे नाट्यगृह आज आमच्या वाशीत आहे. राजे गेले आणि तो मान आकाशवाणीकडे आला. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. त्याच वर्षी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. थोर गवयांचे गाणे घरबसल्या लाभू लागले. हे ऋण नाकारू नये.

परंतु आश्रय आला की लहरही आली! १९४० पासून तीस वर्षांवर पेटी आकाशवाणीला वर्ज्य होती. केसकरांनी चित्रपटगीतांना कात्री लावली, तेव्हा श्रोते सिलोनकडे वळले. मौज अशी, की हेच श्रोते दरसाल पोस्टात रेडिओच्या परवान्याची फी भरीत. पण ती वर्गणी नव्हती, कर होता. आणि कर देणाऱ्याला पसंती कोण विचारतो?

न्यूयॉर्कचे ‘डब्ल्यूक्यूएक्सआर’ हे अभिजात संगीताचे केंद्र २००९ पासून श्रोत्यांच्या देणग्यांच्या आधारावर चालते. आपल्याकडे २०१६ साली आकाशवाणीने अहोरात्र ‘रागम्’ सुरू केले, तेही फुकट. उत्तमच! मात्र फुकटचे गाणे आपण भाजी चिरता चिरता ऐकतो. वर्गणी भरून मैफलीत बसलेला कान जागा असतो. तो फर्माईश करतो, नाकही मुरडतो. शिवाय शेजारच्या होतकरू तबलजीला बिदागी मिळते ती त्याच वर्गणीतून.

तेव्हा यंदा फराळाच्या खर्चात एखाद्या म्युझिक सर्कलची वर्गणीही धरा. मग गाणे बेसूर झाले तर खुशाल कुरकुरा. तो हक्क तुम्ही पैसे मोजून घेतलेला असेल.