सल्ला की हुकूम?

कोरोनाच्या काळातील आरोग्यखात्याच्या सूचना मी एक मजकूर म्हणून वाचतो. भाषा शिकविणाऱ्याला ही खोडच असते: कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि काय सांगायचे टाळतो, हे तो पाहणारच. या मजकुराची चिकित्सा आपल्याकडे झाली नाही. झाली ती लोकांची. ‘लोक अडाणी आहेत, त्यांचा विज्ञानावर विश्वास नाही’ ही पांढरपेशांची तक्रार आता आपल्यातले शिकलेलेही करू लागले आहेत. मला ती मान्य नाही.

मास्कचेच पाहा. २०२० च्या आरंभी जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, निरोगी माणसाला मास्कची गरज नाही. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या केंद्रीय मंत्रालयाने घरी शिवलेला मास्क वापरा म्हटले; ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने तो सक्तीचा केला. जागतिक संघटनेचा सल्ला बदलला ५ जूनला. नव्या रोगात ज्ञान बदलणारच. जे बदलत नाही ती पोथी. तेव्हा माझा आक्षेप बदलाला नाही, दडविलेल्या कारणाला आहे. मास्क अपुरे होते आणि ते आधी रुग्णालयांना हवे होते, ही चिंता त्या सल्ल्यामागे होती, असे अमेरिकेच्या डॉ. फाउची यांनी जूनमध्ये सांगितले. मग ते आधीच ठसठशीतपणे का सांगितले नाही? ‘मास्क कमी आहेत, पहिल्यांदा नर्सला आणि वॉर्ड झाडणाऱ्याला मिळू द्या’ हे आपल्या वस्तीला कळले नसते काय? रेशनच्या रांगेत जन्म गेलेल्याला तुटवडा म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही.

‘सोशल डिस्टन्सिंग’ या शब्दाविषयी काय बोलावे! ‘शारीरिक अंतर’ म्हणा, असे जागतिक संघटनेने मार्च २०२० मध्येच सुचविले होते. आपल्याकडे ‘सामाजिक अंतर’च घुमत राहिले, तेही गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्यांच्या कानी.

लशीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर जानेवारी २०२१ मध्ये चार आठवडे होते. मार्चमध्ये ते सहा ते आठ झाले, १३ मे रोजी बारा ते सोळा. अंतर वाढविल्याने संरक्षण वाढते, याला ब्रिटनमधील अनुभवाचा आधार होता हे खरे. पण तो महिना लस संपल्याच्या पाट्यांचाही होता. पुढे सल्लागार गटातील तिघा शास्त्रज्ञांनी रॉयटर्सला सांगितले की, एवढ्या अंतरासाठी पुरेशी माहिती गटापुढे नव्हती. आणि जूनमध्ये शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना अठ्ठावीस दिवसांची मुभा मिळाली! माझ्या एका विद्यार्थिनीची मजुरी करणारी आई मला म्हणाली, “सर, विमानात बसणाऱ्याचं रगत येगळं असतं का?” ही बाई अडाणी? परदेशी प्रवेशाच्या अटींचे कारण तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिने फक्त दोन सूचना शेजारी ठेवून वाचल्या. आमच्या विद्यापीठांत याला तौलनिक अभ्यास म्हणतात.

या भाषेचे मूळ जुने आहे. २०२० मध्ये सरकारने जो साथरोग कायदा बाहेर काढला तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्यात मूळची चारच कलमे: अधिकार, आज्ञाभंगाला शिक्षा, अधिकाऱ्याला संरक्षण. आज्ञेचे कारण लोकांना सांगावे, असे त्यात कोठेच नाही. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांना हल्ल्यापासून संरक्षण दिले. ते योग्यच होते. पण कारण मागण्याचा हक्क तेव्हाही कोणाला आठवला नाही.

त्याच १८९७ मध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांच्या झडतीच्या धास्तीने लोक रुग्ण लपवीत होते. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतांच्या दवाखान्यात नेले, आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. आपल्या काळात दारोदार गेल्या त्या आशाताई. बदललेली प्रत्येक सूचना त्यांनीच तोंडी सांगितली आणि लोकांच्या शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संप करावा लागला.