कौल आणि आकडा : ‘स्ट्राँगहोल्ड’ या संगणकीय खेळातील दुर्ग आणि प्रजा

१

रायपूरच्या बूढापारा या वस्तीत आज किल्ला नाही, तळे आहे. ‘पारा’ म्हणजे वस्ती, आळी. ‘बूढा’ म्हणजे जुना, की गोंडांचा बूढादेव, याविषयी मतभेद आहेत. मात्र या बूढा तलावाच्या आधाराने पंधराव्या शतकात रायपूरच्या कलचुरी राजांनी किल्ला उभारला, ही परंपरा सर्वमान्य आहे. किल्ल्याचे दगड पुढे शहराने वापरून टाकले, पाणी राहिले. या वस्तीतील एका मराठी कुटुंबात मुक्कामाला असताना यजमानांचा मुलगा संगणकावर मध्ययुगीन किल्ला बांधण्याचा खेळ खेळताना मी पाहत होतो. त्याने कर वाढवला, कोठारातले धान्य संपले, आणि पडद्यावरची माणसे एकेक करून किल्ल्याबाहेर चालू लागली. नकाशाच्या कडेला पोचली की ती दिसेनाशी होत. त्याने विचारले, ‘‘काका, ही माणसं जातात कुठे?’’

प्रस्तुत निबंध हा या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. खेळाची तांत्रिक समीक्षा करणे हा येथे हेतू नाही. खेळ ही एक संहिता आहे असे मानून मराठी दुर्गविषयक लेखनाच्या शेजारी ती ठेवल्यास राज्य आणि प्रजा यांच्या नात्याविषयी काय हाती लागते, एवढाच शोध येथे घ्यावयाचा आहे.

२

खेळाला संहिता म्हणावे काय, हा वाद तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. योहान हाइझिंगा यांनी १९३८ मध्ये क्रीडेला संस्कृतीच्या मुळाशी नेऊन ठेवले. एस्पेन आर्सेत यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात, जी संहिता वाचकाच्या प्रत्यक्ष कृतीवाचून पुढे सरकतच नाही, अशा संहितांचा स्वतंत्र विचार केला. इयन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की खेळ आपले म्हणणे शब्दांतून कमी आणि नियमांतून अधिक मांडतो. खेळाची विचारसरणी शोधावयाची तर त्याची कथा बाजूला ठेवून त्याचे नियम वाचावे लागतात, हे सूत्र येथे स्वीकारले आहे.

फायरफ्लाय स्टुडिओज या इंग्रजी संस्थेचा ‘स्ट्राँगहोल्ड’ हा खेळ २००१ मध्ये आला आणि २०२३ मध्ये नव्या रूपात पुन्हा प्रसिद्ध झाला. त्याची कथा साधी आहे. राजा शत्रूच्या कैदेत आहे. उंदीर, साप, डुक्कर आणि लांडगा अशा टोपणनावांच्या चार सरदारांनी राज्य वाटून घेतले आहे. खेळाडूने एकेक प्रांत परत मिळवायचा आहे. कथा म्हणून यात विशेष काही नाही. वैशिष्ट्य आहे ते नियमांत. या खेळात तटबंदीपेक्षा धान्याचे कोठार महत्त्वाचे आहे. गहू पिकवणारा शेतकरी, दळणारी गिरणी, पाव भाजणारा भटारी, ही साखळी कोठे तुटली तर बुरूज कितीही उंच असला तरी उपयोग नाही. धनुष्य करणारा, भाले करणारा, कातडी कमावणारा यांच्यावाचून सैनिक उभा राहत नाही. लोकांचे समाधान शून्य ते शंभर या मापावर मोजले जाते. शिधा, कर, मद्य, धर्म आणि भय यांनी हा आकडा वरखाली होतो. तो पन्नासच्या वर असेल तर नवी माणसे येऊन राहतात. खाली गेला तर असलेली निघून जातात.

येथे या खेळाचे श्रेय मान्य केले पाहिजे. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या त्याच काळातील प्रसिद्ध खेळांत गावकरी कधी राज्य सोडून जात नाही. सांगितलेले काम करणे आणि मरणे, एवढेच त्याच्या वाट्याला येते. ‘स्ट्राँगहोल्ड’ने प्रजेला निघून जाण्याचा अधिकार दिला. मराठी दुर्गसाहित्याच्या वाचकालाही यातून काही शिकण्यासारखे आहे. गो. नी. दांडेकरांच्या दुर्गभ्रमणाने मराठी मनात किल्ल्याविषयी जी आस्था रुजवली, तिचे मोल मोठे आहे. परंतु त्या परंपरेत गड हे प्रामुख्याने पराक्रमाचे आणि स्मरणाचे स्थान राहिले. दिवाळीत अंगणात मुले मातीचा किल्ला करतात, त्याच्या पायथ्याशी गवळण, भाजीवाली, विहीर आणि हळिवाचे शेतही असते. पण त्या शेताचे धान्य गडावर कसे जाते, हे कोणी विचारीत नाही. गडाच्या कामासाठी घेतली जाणारी वेठबिगार तर आपल्या दुर्गप्रेमाच्या परिघातच येत नाही. हा खेळ निदान भाकरीचा हिशेब मांडतो.

३

हा हिशेब मराठी संहितेत कोठे सापडतो, असे विचारले तर ‘आज्ञापत्रा’कडे वळावे लागते. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत, १७१५-१६च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या या राजनीतिपर ग्रंथातील दुर्गप्रकरण सुपरिचित आहे. ‘स्ट्राँगहोल्ड’ आणि ‘आज्ञापत्र’ यांत तीन शतकांचे आणि दोन खंडांचे अंतर असले तरी त्यांचे व्याकरण एक आहे. दोन्ही संहिता विध्यर्थी आहेत. काय घडले ते त्या सांगत नाहीत. काय करावे आणि न केल्यास काय ओढवेल, ते सांगतात. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. जागा आवश्यक असून पाणी नसेल तर आधी खडक फोडून टाकी करावीत. एकाच झऱ्यावर विसंबू नये. एकाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. ही मालिका वाचताना एखाद्या कसलेल्या खेळाडूचे टिपण वाचत आहोत असे वाटल्यास नवल नाही.

साम्य येथे संपते आणि खरा प्रश्न सुरू होतो. आरमाराच्या संदर्भात अमात्य लाकडाचा विचार करतात, तेव्हा आंबा, फणस यांसारखी झाडे उपयोगी असूनही त्यांना हात लावू नये असे बजावतात. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, आणि ती तोडल्यास तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, बळजोरी करू नये. येथे झाडाला काळ आहे आणि मालक आहे. ‘स्ट्राँगहोल्ड’मध्ये झाड हे लाकडाचे एकक आहे. लाकूडतोड्या ते पाडतो, फळ्या करतो, कोठीत नेतो. वाटेत कोणालाही विचारावे लागत नाही. खेळातली सगळी भूमी प्रारंभापासूनच खेळाडूची आहे, हा त्याचा न उच्चारलेला पहिला नियम होय.

भयाविषयीचा नियमही येथे तपासला पाहिजे. खेळाडू बागा आणि नाचगाण्याचे खांब उभारू शकतो, किंवा फाशीचे खांब आणि खोडे. पहिल्याने लोक सुखावतात, सैनिक जोमाने लढतात, परंतु उत्पादन घटते. दुसऱ्याने लोक नाराज होतात, सैनिक खचतात, मात्र काम वाढते. क्रौर्याचे अर्थशास्त्र इतक्या उघडपणे मांडणे यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे. तथापि दया आणि दहशत हे येथे एकाच पट्टीवरचे दोन बिंदू ठरतात. त्यांपैकी कोणता निवडावा हा नीतीचा प्रश्न न राहता हिशेबाचा होतो. फाशीच्या खांबाने खट्टू झालेले लोक दुप्पट शिध्याने पुन्हा राजी होतात. कोणी काही लक्षात ठेवीत नाही. प्रजेला स्मृती नसणे हा या खेळाचा दुसरा न उच्चारलेला नियम आहे.

४

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येता येईल. माणसे जातात कुठे? खेळाच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे : कुठेच नाही. नकाशाच्या बाहेर जग नाही. मध्ययुगीन दख्खनच्या कागदपत्रांत मात्र या प्रसंगाला शब्द आहेत. रयत ‘परागंदा’ होते, गाव ‘ओस’ पडतो. परागंदा झालेली रयत शेजारच्या मुलखात जाते, तेथे नांगर धरते आणि तेथील महसूल वाढवते. म्हणूनच तिला परत आणण्यासाठी राज्याला बोलावे लागते. हे बोलणे ज्या दस्तऐवजातून होते त्याला ‘कौल’ म्हणतात. ‘या, वस्ती करा, उपद्रव होणार नाही, पहिल्या वर्षांत सारा कमी, पुढे क्रमाने वाढेल’ अशा आशयाचे ते अभयवचन असते. या क्रमशः वाढणाऱ्या आकारणीला ‘इस्तावा’ हे नाव आहे. कौल हवेत दिला जात नाही. पाटील, देशमुख अशा वतनदारांच्या मध्यस्थीने, घासाघीस करून तो ठरतो.

मराठीत ‘कौल’ या शब्दाला आणखीही अर्थ आहेत. राज्य रयतेला देते तो कौल. देवाला लावतात आणि देव देतो तो कौल. निवडणुकीत जनता देते तोही कौल. देणारा कधी राजा, कधी देव, कधी प्रजा, आणि तरीही शब्द एकच. बांधून घेणारे वचन दोन्ही दिशांनी जाऊ शकते, ही जाणीव भाषेने या एका शब्दात जपली आहे. ‘स्ट्राँगहोल्ड’मधील समाधानाचा आकडा हा प्रजेचा कौलच आहे, परंतु वाचा गेलेला. त्याला उत्तर म्हणून खेळाडू शिधा वाढवू शकतो, कर माफ करू शकतो, उलट पैसेही वाटू शकतो. वचन मात्र देऊ शकत नाही, कारण उद्याचे बंधन नोंदवणारी कळ खेळात नाही. तेथे पाटील नाही, देशमुख नाही. धनी आणि झोपडी यांच्यामध्ये कोणीच नाही. खेळाने रयतेला पाय दिले, तोंड दिले नाही. माणसावर कळ दाबली तर तो दोन शब्द बोलतो खरा, पण ते गाऱ्हाणे असते, वाटाघाट नव्हे.

यावर असा आक्षेप येईल की खेळ हा खेळ आहे. इतिहासाच्या मोजपट्टीने त्याला मापू नये. आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. परंतु निघून जाणारी प्रजा हा या खेळाचा स्वतःचाच शोध आहे. त्या शोधाचा पुढचा टप्पा कोणता असता, एवढेच येथे विचारले आहे. पुढे २०२१ मध्ये याच मालिकेतील ‘वॉरलॉर्ड्स’ हा खेळ पूर्व आशियात गेला. वेश आणि वास्तू बदलल्या, अन्न, कर आणि लोकप्रियता यांचा हिशेब कायम राहिला. ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) या दुसऱ्या खेळात मराठा राज्य घेऊन खेळता येते. आपले गड आणि आपले झेंडे पडद्यावर यावेत ही इच्छा स्वाभाविक आहे, पण तिची पूर्तता म्हणजे प्रश्नाचे उत्तर नव्हे. रायगडाचे चित्र आणि तोच आकडा, असे झाल्यास आपण फक्त धनी बदलू.

५

हे विधान रायपुरात बसून करण्याला कारण आहे. सह्याद्रीत उभा राहणारा मराठी वाचक स्वतःला गडाच्या आत समजतो. छत्तीसगडात त्याचे पूर्वज बाहेरून आले. १७४१ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांच्या फौजेपुढे रतनपूर नमले. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरात राहून कारभार केला. मोडी लिपी आणि मराठी दप्तर या प्रदेशात आले. त्यांच्यानंतर नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. या प्रदेशाच्या परंपरागत रचनेत ‘गढ’ म्हणजे केवळ तटबंदी नव्हती. शिवनाथ नदीच्या उत्तरेस अठरा आणि दक्षिणेस अठरा असे हे छत्तीस गढ मानले जात, आणि चौऱ्याऐंशी गावांचा एक गढ अशी कल्पना होती. गढ हे दगडांचे नव्हे, गावांचे नाव होते. १७९०च्या दशकात सुभेदार विठ्ठलराव दिनकरांनी ही व्यवस्था मोडून परगणे पाडले आणि त्यांवर कमाविसदार नेमले. प्रदेशाच्या नावात गढ राहिले, कारभारातून गेले. त्याच दशकात, १७९५ मध्ये, ब्लंट हा इंग्रज अधिकारी येथून गेला आणि त्याने रायपुरात सुमारे ३००० झोपड्या असल्याची नोंद केली. ‘स्ट्राँगहोल्ड’मध्येही वस्तीचे माप झोपडीच आहे : एक झोपडी, आठ माणसे. वरून पाहणाऱ्याला मोजता येते ते छप्पर.

हा नागपूरहून पाहणारा डोळा आपलाही होता, हे मराठी दुर्गसाहित्य सांगत नाही. एका परक्या खेळाने ते नकळत दाखवले. आपल्या दुर्गविचारात ‘आज्ञापत्रा’तील आंब्याचे झाड आहे आणि परगण्याचा आकडाही आहे. एकाचा अभिमान बाळगताना दुसऱ्याकडे डोळेझाक करणे संशोधकाला शोभणार नाही. रायपूरच्याच माधवराव सप्रे यांनी मराठी घरात जन्मून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. दप्तराची भाषा सोडून स्थानिक वाचकाशी बोलण्याचा तो निर्णय मला उशिरा दिलेल्या कौलासारखा वाटतो.

त्या मुलाला मी इतकेच सांगितले की ती माणसे शेजारच्या गावी गेली असतील. त्याने नकाशा कडेपर्यंत सरकवून पाहिला. शेजारचे गाव खेळात नव्हते. ‘‘मग त्यांना परत बोलवायचं कसं?’’ त्याने विचारले. या दुसऱ्या प्रश्नाला खेळाकडे उत्तर नाही. मराठी भाषेकडे त्यासाठी शब्द आहे. तो शब्द आपण रतनपूर-रायपूरच्या रयतेसाठी किती वेळा वापरला, हे मोडी दप्तरातून शोधण्याचे काम शिल्लक आहे.