मोडलेला दिवस आणि अपुरी वही

नवोदित लेखकाचा सर्वांत मोठा शत्रू कोणता, असे आम्हांस काही वर्षांपूर्वी कोणी विचारले असते, तर आम्ही क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले असते : व्यत्यय. आज ते उत्तर देताना आमची जीभ अडखळते. ती का अडखळते, हे सांगण्यासाठी प्रथम एका तरुणाची हकिगत सांगणे प्राप्त आहे. त्यानंतर आपण काही साहित्यकृतींकडे वळू. कारण अशा वादाचा निवाडा शेवटी कृतींनीच करावयाचा असतो.

हा तरुण आमच्या धर्मग्रामातला, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील एका खेड्यातला. त्याला एक चित्रपटकथा लिहावयाची आहे आणि एक कादंबरीही. पहाटे गाईंच्या धारा, मग संकलन केंद्रावरची रांग आणि फॅटच्या आकड्यावरून होणारी हुज्जत, दुपारी मुलांच्या शिकवण्या, संध्याकाळी कोणाचा तरी साखरपुडा नाही तर दहावा, आणि रात्रीची वीज आली की बॅटरी घेऊन दारे धरायला रानात. उरलेल्या वेळेवर मोबाइलचा हक्क. पटकथेचा पहिला प्रसंग त्याने सात वेळा लिहिला होता आणि कादंबरी चाळिसाव्या पानावर थांबली होती. "फादर, मला दोन तास सलग मिळत नाहीत हो," हे त्याचे गाऱ्हाणे. आम्हांस ते पटले. आम्ही चार शब्द टाकून पुण्यात एका परिचितांकडे त्याच्यासाठी शांत खोलीची व्यवस्था केली. चार महिन्यांनी तो परतला तेव्हा वहीत एकही नवे पान नव्हते. चूक त्याची नव्हती. निदान आम्ही चुकीचे केले होते.

त्या सुमारास आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचावयास घेतली. हे पुस्तक नगरच्या मातीशी किती निगडित आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे या दांपत्याचा संसार दीर्घकाळ नगरला झाला. पुस्तकात आहे तरी काय? मीठ-साखरही धुऊन घ्यावयास लावणारे वडिलांचे सोवळे, न सांगता घरातून निघून जाणारा पती, हाती आलेला पैसा दुसऱ्यास देऊन मोकळे होण्याची त्याची वृत्ती, वेळी-अवेळी येणारे पाहुणे, सांभाळलेली परकी मुले, प्लेग. त्या पाहुण्यांत त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, हेही होते. आजच्या लेखनेच्छू तरुणाने यांतील प्रत्येक गोष्टीस व्यत्यय असेच नाव दिले असते. लक्ष्मीबाईंनी त्याच व्यत्ययांचे पुस्तक केले.

याच घरात दुसरेही एक पुस्तक आकार घेत होते. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य टिळकांच्या आयुष्याचे मोठे स्वप्न. १९१९ साली ते निवर्तले तेव्हा ते अपुरेच होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि १९३८ साली, त्यांच्याही मृत्यूनंतर, ते प्रसिद्ध झाले. या काव्याविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु समीक्षकाने भिडेखातर खोटे बोलू नये. योजून, संकल्प सोडून लिहिलेले 'ख्रिस्तायन' आज अभ्यासक उघडतात. मुलाने वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागितल्या म्हणून लिहिल्या गेलेल्या 'स्मृतिचित्रे'ची पारायणे होतात. ज्या बाईला पतीने अक्षरओळख करून दिली, तिच्या घरगुती बोलीने मराठी गद्याला नवे वळण दिले. विजया मेहता यांनी या पुस्तकावरून चित्रपटही केला. पटकथाकारास जे हवे असते, म्हणजे डोळ्यांनी दिसणारी कृती आणि कानांनी ऐकू येणारे बोलणे, ते या पुस्तकात पानोपानी आहे. बाई मनःस्थितीचे वर्णन फारसे करीत नाहीत. माणसाने काय केले ते सांगतात आणि बाजूस होतात.

हाच धडा अन्यत्रही मिळतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (१९५५) तरुण मास्तर मेंढक्यांच्या वस्तीवर शाळा चालवावयास जातो. लोक त्याला इतरच कामांत ओढतात : भांडणे मिटवा, निरोप पोचवा, सल्ला द्या. शाळेच्या दृष्टीने हे सारे अडथळे. कादंबरी मात्र त्यांचीच. चाळीस वर्षांनी, १९९५ साली, अमोल पालेकरांच्या चित्रपटासाठी पटकथा लिहावयास माडगूळकर स्वतःच बसले. आमच्या नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकत असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट करणारे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'कडे (२०१३) याच दृष्टीने पाहावे. जब्याच्या मनात शालू आहे आणि काळी चिमणी आहे. घरचे मात्र त्याला सारखे कामाला जुंपतात. ज्या कामापासून तो चित्रपटभर अंग चोरतो, ते डुकरे धरण्याचे काम अखेरीस शाळेसमोर, सर्वांच्या डोळ्यांदेखत, त्याच्यावर येऊन कोसळते. चित्रपटाचा प्राण तेथेच आहे. स्वप्नाच्या आड येणाऱ्या गोष्टीकडे लेखकाने पाठ फिरवली असती, तर उरली असती ती एक साधी शाळकरी प्रेमकथा.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो खरा आहे. लक्ष्मीबाईंनी हे पुस्तक व्यत्ययांच्या ऐन गर्दीत लिहिले नाही. टिळक गेल्यानंतर, उतारवयात त्या लिहू लागल्या. १९३४ पासून ते भागांनी निघाले, आणि १९३६ साली त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे गोंगाटाने सामग्री दिली, तरी लेखनाला निवांतपणा लागलाच. हे आम्ही मान्य करतो. आमच्या तरुणाच्या तोंडी नेहमी 'कोसला'चे उदाहरण असे : भालचंद्र नेमाडे मुंबईहून गावी परतले आणि अवघ्या काही दिवसांत त्यांनी ती कादंबरी लिहून काढली. पुढे नेमाड्यांनी काही काळ नगरला अध्यापन केले, त्यामुळे ही आख्यायिका आमच्याकडे विशेष प्रिय आहे. पण त्या थोड्या दिवसांच्या मागे वसतिगृहातली, गप्पांतली, वाया गेली असे वाटणारी कित्येक वर्षे उभी होती. खोली आणि एकांत यांचा उपयोग त्यालाच, जो तेथे भरल्या हातांनी जातो. आम्ही आमच्या तरुणाला गाई, रांग, दहावे यांपासून तोडून रिकाम्या हातांनी रिकाम्या खोलीत पाठविले होते.

मग त्याचा खरा शत्रू कोण? त्याच्या दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्यावर तो आम्हांस दिसला. पटकथा अडली की तो कादंबरीकडे वळे आणि कादंबरी अडली की पटकथेकडे. मोबाइलची लाज वाटते, म्हणून तो बाजूला तरी ठेवता येतो. परंतु एका लेखनातून दुसऱ्या लेखनात पळणे हे लेखनच भासते, म्हणून त्याची लाज वाटत नाही. शिवाय दोन्ही प्रकारांचा धर्म भिन्न. कादंबरी म्हणू शकते, 'त्याला पुढे आयुष्यभर पस्तावा झाला.' पटकथेला ती मुभा नाही. पस्तावा दाखवावयाचा तर कोणीतरी दाराशी येऊन कडी न वाजवता परत फिरले पाहिजे. हा तरुण पटकथेत चिंतन करी आणि कादंबरीत कॅमेरा फिरवी. जेथे अडावे तेथेच बसून राहावे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगावयास हवे होते ते आम्ही.

हे दूषण केवळ त्याचे नाही. शनिवारी प्रवचन लिहावयास बसावे आणि आजाऱ्याकडून बोलावणे यावे, असे आम्हांस कित्येकदा झाले आहे. बोलावण्याने प्रवचन बिघडल्याचे आठवत नाही. उलट त्या खाटेशेजारून उठून आल्यावर कागदावरची अलंकारिक वाक्ये आपोआप गळून पडली. प्रवचन बिघडले ते अवघड वाक्यापाशी आम्ही उठून कपाट आवरावयास घेतले तेव्हा.

म्हणून या वेळी आम्ही त्याला खोली सुचविली नाही. कादंबरीची वही आमच्या कपाटात ठेवून घेतली आणि पटकथा पुरी झाल्यावाचून ती मिळणार नाही, असे बजावले. सातदा लिहिलेला तो पहिला प्रसंग, पावसात धावणारी शहरी नायिका, त्याने काढून टाकला. परवा त्याने दुसरा आणून दाखविला. पहाटेची वेळ, संकलन केंद्र. एक म्हातारी घागरीत डोकावून पाहते आणि मागच्या माणसाला आपला नंबर देऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. तिच्या दुधात पाणी आहे, हे कोणीच बोलत नाही. प्रसंग दीड पानाचा आहे. त्याचा शेवट अद्याप साधलेला नाही आणि तसे आम्ही त्यास स्पष्ट सांगितले. तो तेथेच अडून बसला आहे, हे आम्हांस शुभ वाटते.