राजवाडा आणि बाजारचित्र

तिलवारा घाट आणि जबलपूर शहर यांच्या दरम्यान, गढ्याजवळच्या टेकडीवर प्रचंड शिळेच्या आधाराने मदनमहाल उभा आहे. गोंड राजांच्या नावाशी जोडलेली ही वास्तू नावाने महाल असली, तरी रूपाने टेहळणीच्या बुरुजासारखी आहे. तेथे सिंहासन नाही, झुंबरे नाहीत, तसबिरी नाहीत. अशा ठिकाणी समकालीन कलाकृती मांडली, तर तिची गाठ केवळ दगडाशी पडेल. भरलेल्या राजवाड्याची गोष्ट निराळी. तेथील प्रत्येक वस्तू आधीच काही सांगत असते आणि नव्या वस्तूला त्या संभाषणात आपली जागा शोधावी लागते. राजवाड्यात भरलेल्या पॉप आर्टच्या प्रदर्शनांचे मूल्यमापन या कसोटीवर व्हावयास हवे.

२००८ मध्ये पॅरिसजवळील व्हर्सायच्या राजप्रासादात अमेरिकी शिल्पकार जेफ कून्स यांच्या कलाकृती मांडण्यात आल्या. २०१० मध्ये तेथेच जपानी कलावंत ताकाशी मुराकामी यांचे प्रदर्शन भरले. दोन्ही वेळा निषेधाचे सूर उमटले. चौदाव्या लुईच्या एका वंशजाने कून्स यांच्या प्रदर्शनाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, पण ती फेटाळली गेली. बाजारू वस्तूंनी राजवैभवाचा उपमर्द होतो, असा एकंदर आक्षेप होता. परंतु व्हीनस दालनात रोमन वेशातील लुईचा पुतळा आहे आणि त्याच दालनात कून्स यांनी गायक मायकेल जॅक्सन व त्याचा चिंपांझी यांचे सोनेरी मुलाम्याचे चिनी मातीचे शिल्प (१९८८) ठेवले. लुईची प्रतिमाही पदके आणि कोरीव छापचित्रे यांच्याद्वारे दूरवर पोचवली गेली होती. प्रसिद्धीचा व्यापार त्या प्रासादाला मुळीच परका नव्हता, हे या शेजारामुळे उघड होते. हर्क्युलिस दालनातील फुग्याच्या कुत्र्याचे पोलादी शिल्प मात्र सभोवतीच्या झगमगाटाशी केवळ चकाकीची स्पर्धा करते. शिवाय प्रासादाच्या प्रतिष्ठेने खाजगी संग्रहातील कृतींचे मोल वाढते, हा आक्षेप कुळाच्या अभिमानापेक्षा अधिक गंभीर आहे.

राजवाडा आणि बाजार यांच्यातील उलट दिशेची वाट मराठी वाचकाला परिचित आहे. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये राजा रविवर्मा यांच्याकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपवले. १८९४ मध्ये रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापखाना काढला. राजदरबारी मान्यता पावलेली ती चित्रशैली छापील रूपाने चाळीतल्या भिंतीवर आणि देवघरात जाऊन पोचली. पुढे १९६२ मध्ये भूपेन खक्कर बडोद्यास आले. हिशेबतपासनीसाचा व्यवसाय करणाऱ्या या चित्रकाराने १९६५ च्या सुमारास देवादिकांच्या बाजारी छापील चित्रांचे तुकडे चिकटवून आपल्या कृती रचल्या. भारतीय पॉप आर्टचा आरंभ अनेकदा याच कृतींपासून मानला जातो.

खक्कर यांची अशी एखादी कृती लक्ष्मीविलासात रविवर्मा यांच्या चित्रांशेजारी टांगली गेली, तर तिला घुसखोर म्हणता येणार नाही. ते एक प्रकारचे माहेरपण ठरेल. मात्र ते सुखाचेच असेल असे नाही. राजवाड्यातील चित्र एकमेव असते, हा त्याचा मान. आपल्याच वंशातले, दोन पैशांच्या कागदावर छापलेले रूप समोर आले, की तो मान ढळतो आणि प्रेक्षकाला दोन्हींकडे नव्याने पाहावे लागते. प्रदर्शनाची सार्थकता या अस्वस्थतेत आहे.

म्हणून प्रश्न पावित्र्याचा नसून नात्याचा आहे. मांडलेली कृती त्या वास्तूविषयी काही नवे सांगते काय, एवढेच विचारावयाचे. मदनमहालात ना दरबाराची तसबीर उरली, ना तिची बाजारातली प्रतिकृती. तेथे चकाकणारी वस्तू फक्त स्वतःविषयीच बोलेल. अशा जागी भिंत रिकामी ठेवणे, हाही प्रदर्शनकाराच्या विवेकाचाच भाग होय.